निवृत्तीचा पैसा कोणाच्या सल्ल्याने गुंतवायचा? हलालची चौकशी करताच, नोंदणीचीही करा

पनवेल झपाट्याने बदललं. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. जमिनींचे भाव चढले. कोणाला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, कोणी बापजाद्यांची जागा विकली, कोणी कुवेत-सौदीत पंचवीस वर्षं काढून हिशोब घेऊन परतलं, कोणी शाळेतून किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त झालं. थोडक्यात काय, पटेल मोहल्ला असो की तळोजा, ज्यांच्या घरात कधी एकरकमी पैसा आला नव्हता अशा बऱ्याच घरांत आज तो आला आहे किंवा येतो आहे.

पैसा आला की सल्ला देणारेही येतात. कोणी स्वतःला ‘फायनान्शियल अॅडव्हायजर’ म्हणवतो, कोणी ‘वेल्थ मॅनेजर’, कोणी ‘हलाल इन्व्हेस्टमेंट कन्सल्टंट’. कार्ड गुळगुळीत असतं, बोलणं गोड असतं, आणि बहुतेक वेळा तो कोणाचा तरी भाचा, जावई किंवा जमातीतला ओळखीचा असतो.

आम्ही शिक्षक माणसं, पैशाच्या धंद्यातले नाही. पण शाळेत पालक भेटतात, निवृत्त होणारे सहकारी कागद घेऊन विचारायला येतात, त्यामुळे हा विषय नीट वाचून समजून घ्यावा लागला. जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडतो आहोत.

आपल्या घरांत हा प्रश्न जास्त नाजूक का आहे

आपल्यातल्या बहुतेक घरांत पेन्शन नाही. दुकानदार, मासळीचा व्यापारी, रिक्षावाला, गॅरेजवाला, खाजगी शाळेतली शिक्षिका, आखातातून परतलेला फोरमन, यांना महिन्याच्या महिन्याला कोणी काही देणार नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांनाही जुन्या पद्धतीची पेन्शन राहिली नाही. साठीनंतरची वीस-पंचवीस वर्षं जमवलेल्या पैशावरच काढायची आहेत.

दुसरी गोष्ट व्याजाची. व्याज नको म्हणून अनेक घरं बँकेतल्या मुदत ठेवीपासून लांब राहतात. नियत नेक आहे, त्यावर वाद नाही. पण मग तो पैसा जातो कुठे? एक तर करंट खात्यात पडून राहतो, नाही तर सोन्यात आणि प्लॉटमध्ये अडकतो, नाही तर ‘धंद्यात लावतो, नफ्यातला हिस्सा देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात जातो.

पडून राहिलेल्या पैशाचं काय होतं ते एकदा हिशोबाने बघा. समजा घरात ५० लाख आहेत आणि महिन्याचा खर्च ४० हजार. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली आणि पैसा अजिबात वाढला नाही, तर तो साधारण आठ वर्षांत संपतो. म्हणजे साठाव्या वर्षी सुरुवात केली तर अडुसष्टाव्या-एकोणसत्तराव्या वर्षी हात रिकामे. आणि आज ४० हजारात चालणाऱ्या घराला पंधरा वर्षांनी त्याच महागाईने सुमारे ९६ हजार लागतील. म्हणूनच योजना लागते, आणि योजना करायला जाणकार माणूस लागतो. तो कसा निवडायचा, हा आजचा मुद्दा आहे.

जे घडून गेलं ते विसरू नका

बेंगळुरूच्या एका कंपनीचं नाव होतं ‘आय मॉनेटरी अॅडव्हायजरी’, लोक तिला आयएमए म्हणायचे. ‘अॅडव्हायजरी’ हा शब्द नावातच होता. व्याज नाही, नफ्यातला हिस्सा देतो, असं सांगून हजारो घरांकडून पैसा घेतला गेला आणि त्यात बहुसंख्य घरं मुस्लिम होती. जून २०१९ मध्ये कंपनीचा संस्थापक दुबईला निघून गेला आणि दुकानासमोर लोकांच्या रांगा लागल्या. त्याआधी २०१८ मध्ये हैदराबादच्या हीरा गोल्डचं प्रकरण झालं. तिथे वर्षाला ३६ टक्क्यांपर्यंत नफा सांगितला जात होता. त्यातही हलालचंच नाव होतं.

आपल्या दाराशी जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांचा प्रकार झाला. दादर, नवी मुंबई, कल्याण, मीरा रोड इथे चकचकीत शोरूम होते. खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी योजना होती. एके दिवशी परतावा थांबला आणि शटर खाली आलं. त्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं फसली. म्हणजे हा फक्त आपल्या समाजाचा प्रश्न नाही. फरक इतकाच की आपल्याला फसवायला ‘हलाल’ हा एक जास्तीचा शब्द वापरता येतो.

आणि खुद्द पनवेलची कर्नाळा नागरी सहकारी बँक. ती तर रीतसर परवाना असलेली बँक होती. जून २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, ठेवीदाराला फक्त ५०० रुपये काढायची मुभा राहिली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द झाला. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. त्यामुळे सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. ज्यांचे ५ लाखांच्या वर होते त्यांच्या नशिबी थांबणं आलं.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, परवाना असला तरी सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवायचा नसतो. दोन, परवाना असलेल्या ठिकाणी निदान विमा असतो, तक्रारीला दार असतं, कायदा पाठीशी असतो. ओळखीच्या माणसाच्या हातात दिलेल्या पैशाला यातलं काहीच नसतं.

‘सल्लागार’ म्हणवणारे कोण कोण असतात

एकाच शब्दाखाली चार वेगळी माणसं असतात. ती वेगळी ओळखता आली तर अर्धं काम झालं.

*नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार.* सेबीने २०१३ मध्ये नियम करून हा वर्ग वेगळा केला. हा माणूस सल्ल्याची फी तुमच्याकडून घेतो आणि सल्ला देतो. नोंदणी वैयक्तिक नावावर असेल तर त्याला फंड विकून कमिशन घेता येत नाही. सल्लागार कंपनी असेल, तर ज्या कुटुंबाला ती सल्ला देते त्याच कुटुंबाला कमिशनवर काही विकता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. त्याने तुमच्याशी लेखी करार करायचा असतो. तुमची जोखीम झेपण्याची ताकद तपासायची असते आणि दिलेला सल्ला तुम्हाला का योग्य, हे लिहून ठेवायचं असतं.

*म्युच्युअल फंड वितरक.* याच्याकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो. तो फॉर्म भरून देतो, केवायसी करून देतो, आणि तुमची रक्कम फंडात आहे तोवर फंड कंपनी त्याला दरवर्षी कमिशन देते. हे कायदेशीर काम आहे. प्रामाणिक वितरक पुष्कळ आहेत आणि लहान रकमेच्या घरांना त्यांचा आधारही असतो. पण तो विक्रेता आहे, आणि सेबीच्या नियमाप्रमाणे त्याने स्वतःला ‘अॅडव्हायजर’ किंवा ‘वेल्थ अॅडव्हायजर’ म्हणवून घ्यायचं नसतं.

*विमा एजंट आणि बँकेतला अधिकारी.* मोठी रक्कम खात्यात आली की बँकेतून फोन येतो, ‘सर, तुमच्यासाठी एक छान प्लॅन आहे.’ बऱ्याच वेळा तो गुंतवणूक जोडलेला विमा असतो. पाच-दहा वर्षं हप्ते भरायचे असतात आणि पहिल्याच हप्त्यातून कमिशन जातं. साठ वर्षांच्या माणसाला असा प्लॅन गळ्यात पडला असेल तर एक सोय लक्षात ठेवा: पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.

*काहीच नोंदणी नसलेला.* टेलिग्रामवर टिप देणारा, ‘माझ्याकडे द्या, मी ट्रेडिंग करतो’ म्हणणारा, जमिनीत किंवा सोन्यात भागीदारी देणारा. याच्या सल्ल्यावर तर नाहीच, पण याच्या हातात पैसा अजिबात द्यायचा नाही.

चार्टर्ड अकाउंटंट हा पाचवा. तो कर आणि हिशोब बघतो आणि ते काम मोलाचं आहे. पण फक्त सीए आहे म्हणून तो निवृत्तीची गुंतवणूक बघणारा माणूस ठरत नाही. ‘सीएफपी’ हे शिक्षणाचं प्रमाणपत्र आहे, चांगलं आहे, पण तोही सेबीचा परवाना नव्हे.

त्याला पैसे कोण देतं?

आमच्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा आहे. आपण वैद्याकडे फी देतो कारण औषध विकून त्याचं घर चालत नाही. सल्ला फुकट असेल तर सल्ला देणाऱ्याचं घर दुसरं कोणीतरी चालवतंय, एवढं नक्की.

म्युच्युअल फंडात एकाच योजनेचे दोन प्रकार असतात. ‘डायरेक्ट’ प्लॅनमध्ये मधलं कमिशन नसतं. तो जानेवारी २०१३ पासून मिळतो. ‘रेग्युलर’ प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन योजनेच्या खर्चातून जातं, तुम्हाला वेगळं बिल येत नाही, म्हणून ते दिसत नाही. समजा हा फरक वर्षाला १ टक्क्याचा आहे. १० लाख रुपये वीस वर्षं ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८०.६ लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६७.३ लाख. तेरा लाखांचा फरक पडला. (हे नुसतं समजण्यासाठी गणित आहे. बाजारात असा ठरलेला दर कोणी देत नाही.)

मग फी किती असते? नोंदणीकृत सल्लागार दोन पद्धतींनी फी घेऊ शकतो: ठरावीक रक्कम, किंवा ज्या पैशावर सल्ला दिला त्याच्या टक्क्यांत. सेबीने वरची मर्यादा घातली आहे. ठरावीक रक्कम असेल तर एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार रुपये, आणि टक्केवारी असेल तर जास्तीत जास्त अडीच टक्के. ही कमाल मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. निवृत्त माणसाने शक्यतो ठरावीक फीचा सल्लागार शोधावा. कारण टक्केवारीवाल्याला तुमचा पैसा जितका बाजारात जास्त तितकी फी जास्त मिळते. तुमच्या घराचं कर्ज फेडा किंवा एक खोली भाड्याने द्या, असा सल्ला द्यायला त्याचं मन सहज होत नाही.

काही जणांना वाटतं, फुकटात मिळतंय तर पंधरा-वीस हजार का घालवायचे? ज्या घरात लग्नाच्या मंडपाला लाख रुपये सहज जातात, त्या घराने आयुष्यभराच्या कमाईसाठी एकदा फी द्यायला हरकत नसावी.

अशा नोंदणीकृत सल्लागारांची संख्या देशभरात मिळून हजाराच्या आसपास आहे, त्यामुळे पनवेलमध्येच भेटेल असं नाही. मुंबई, पुणे किंवा दुसऱ्या राज्यातला सल्लागार व्हिडिओ कॉलवर काम करू शकतो. तो मोहल्ल्यातला नाही म्हणून घाबरू नका. नोंदणी तपासा.

नोंदणी कशी तपासायची

घरातल्या दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

१. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी असते. त्यात ‘इन्व्हेस्टमेंट अॅडव्हायजर’ या विभागात नाव आणि आयएनए क्रमांक शोधा. कार्डावरचं नाव, करारावरचं नाव आणि यादीतलं नाव एकच असायला हवं. पत्ता, ईमेल आणि फोनही जुळवून बघा, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापून फिरणारे ठग असतात.

२. वितरक असेल तर ‘अॅम्फी’ या संस्थेच्या वेबसाइटवर एआरएन क्रमांक टाका. मुदत संपली आहे का तेही दिसतं.

३. पैसा कोणाच्या खात्यात जातो ते बघा. सल्लागाराच्या खात्यात फक्त त्याची फी जाते. गुंतवणुकीचा पैसा थेट फंड कंपनीकडे जातो आणि तिथे तुमच्याच नावाने जमा होतो. ‘माझ्या खात्यात टाका, मी भरतो’ हे वाक्य ऐकलं की तिथून उठा.

४. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने एक नवी सोय आणली आहे. नोंदणीकृत ब्रोकर, म्युच्युअल फंड वगैरेंच्या यूपीआय पत्त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो. शिवाय ‘सेबी चेक’ नावाच्या सोयीत समोरच्याचा यूपीआय पत्ता किंवा बँक खातं खरं आहे का ते तपासता येतं.

हलालचा प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न वेगळे आहेत

आपली गफलत इथेच होते. कोणी सांगितलं की योजना हलाल आहे, की आपण पुढचं विचारायचं सोडून देतो. पण ‘हलाल आहे का’ याच्या उत्तरात ‘सुरक्षित आहे का’ याचं उत्तर नसतं. आयएमएत पैसे टाकणाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला होता. दुसरा विचारायचा राहिला.

मौलाना साहेबांना मसला विचारा, कंपनी विचारू नका. एजंटला कंपनी विचारा, फतवा विचारू नका. मशिदीत किंवा जलशात एखाद्या कंपनीची तारीफ झाली, कंपनीने मदरशाला देणगी दिली, एवढ्यावरून तिचा हिशोब तपासला गेला असं होत नाही.

दीनची शिकवण तर उलट सावधगिरीचीच आहे. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. ‘अहो, आपल्यातलेच आहेत, लिहून काय मागायचं’ म्हणणं हे भरवशाचं लक्षण नाही, आळसाचं आहे. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचं, हे आपण मुलांना शिकवतोच.

आता हलालची रीतसर वाट आहे का? शेअर बाजाराच्या बाजूला आहे. निफ्टी ५० शरिया, निफ्टी ५०० शरिया असे निर्देशांक आहेत. टाटा एथिकल, टॉरस एथिकल, क्वांटम एथिकल असे फंड आहेत, आणि निप्पॉन इंडियाचा निफ्टी ५० शरिया बीज हा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड आहे. यात दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका वगैरे कंपन्या वगळतात, आणि ज्या कंपनीवर कर्ज फार आहे किंवा व्याजाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर आहे तीही वगळतात. नावं माहितीसाठी दिली, शिफारस म्हणून नाही. आणि शरिया फंडही बाजार पडला की पडतो, हे विसरू नका.

अवघड जागा पुढे आहे. निवृत्त माणसाचा सगळा पैसा शेअर बाजारात ठेवणं धोक्याचं आहे. साधा सल्लागार अशा वेळी निम्मा पैसा मुदत ठेवीत किंवा कर्जरोखे फंडात ठेवायला सांगतो. तुम्ही व्याज नको म्हटलं तर पुष्कळ सल्लागारांकडे तयार उत्तर नसतं. तुमच्या सल्लागाराची खरी परीक्षा इथे होते. भाड्याचं उत्पन्न, सोन्याचा काही भाग, दोन-तीन वर्षांचा घरखर्च बाजाराबाहेर रोख, आणि उरलेलं शरिया फंडात, असा काही मेळ तो तुमच्या आकड्यांवर बसवून दाखवतो का ते बघा. काही घरं सुरक्षेसाठी बँकेत पैसा ठेवतात आणि आलेलं व्याज आपल्या मुफ्ती साहेबांच्या मशवऱ्याने, सवाबची नियत न ठेवता, गरजूंना देऊन टाकतात. कोणती वाट घ्यायची ते तुम्ही आणि तुमचे उलेमा ठरवा. सल्लागाराने ती ऐकून घेऊन त्याप्रमाणे योजना करायला हवी. ‘चाचा, आजकाल एवढं कोण बघतं’ म्हणणारा तुमचा सल्लागार नव्हे, आणि प्रत्येक गोष्टीला ‘शंभर टक्के हलाल’ म्हणणाराही नव्हे.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते: घरात दोन कोटींचा प्लॉट, पण हॉस्पिटलचं तीन लाखांचं बिल भरायला पैसे नाहीत. प्लॉटचा कोपरा कापून बिल भरता येत नाही. सगळी मालमत्ता जमिनीत असेल तर त्यातला काही भाग मोकळा करा, असं स्पष्ट सांगणारा सल्लागार तुमच्या भल्याचं बोलतो आहे.

वारसा आणि जकात त्याला समजतात का?

बहुतेक सल्लागार निवृत्तीच्या योजनेत मृत्युपत्र करायला सांगतात. आपल्याला शरियतचा वारसा कायदा लागू आहे, म्हणून तयार नमुना चालत नाही. सुन्नी कायद्यात वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते आणि वारसाच्या नावे करायची तर बाकी वारसांची संमती लागते. जिवंतपणी हिबा करायचा तर देणाऱ्याने सांगणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं या तिन्ही गोष्टी झाल्या पाहिजेत.

नॉमिनी म्हणजे मालक, हा मोठा गैरसमज आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेअर आणि तत्सम गुंतवणुकीबद्दल स्पष्ट केलं की नॉमिनी हा पैसा सांभाळून वारसांना देणारा असतो, त्याचा तो होत नाही. म्हणजे फक्त मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं तर मुलींचा हिस्सा संपत नाही. त्याच्या गळ्यात अमानत पडते. हे घरात आधीच सांगून ठेवलं तर मयतीनंतरची भांडणं टळतात.

जकातीसाठी दरवर्षी ठरलेल्या तारखेला सगळ्या गुंतवणुकीचा एक पानी हिशोब मिळायला हवा. सल्लागार तो देईल का, पहिल्याच भेटीत विचारा.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

एकट्याने जाऊ नका. बायकोला बरोबर न्या, कारण हिशोब अखेर तिच्यावर येण्याची शक्यता जास्त असते. शक्य असेल तर मुलीलाही न्या. हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही लिहून घ्या.

– तुमचा सेबी नोंदणी क्रमांक काय? कोणत्या नावाने?
– तुमची वर्षाची एकूण फी किती? याशिवाय कोणाकडून काही मिळतं का?
– मला डायरेक्ट प्लॅन देणार की रेग्युलर?
– लेखी करार कधी करणार?
– आम्ही व्याज टाळतो. आमच्यासारख्या किती कुटुंबांची योजना केली आहे? पैसा कसा विभागता?
– बाजार ३० टक्के पडला तर आमच्या महिन्याच्या खर्चाचं काय?
– तुम्हाला काही झालं तर आमचे कागद कोणाकडे?
– आम्हाला सोडून जायचं झालं तर काय करावं लागेल?

चांगला सल्लागार तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो. वय, आजार, कर्ज, मुलींची लग्नं, हजची नियत, घरखर्च, आई-अब्बांची जबाबदारी हे काहीच न विचारता जो पहिल्या दहा मिनिटांत योजनेचं नाव सांगतो, तो विकायला आला आहे.

आणि या खुणा दिसल्या तर लगेच थांबा: ठरलेला नफा लिहून देतो म्हणणं, ‘उद्यापर्यंतच संधी आहे’ अशी घाई, दुसरा माणूस आणला तर कमिशन, रोख पैसे मागणं, ओटीपी किंवा पासवर्ड मागणं, कोऱ्या फॉर्मवर सही. सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नफ्याची हमी देऊच शकत नाही. हमी दिली म्हणजे एक तर तो नोंदणीकृत नाही, नाही तर नियम मोडतो आहे.

काही बिनसलं तर

नोंदणीकृत माणसाबद्दल तक्रार असेल तर सेबीच्या ‘स्कोर्स’ या पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. त्याला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेबीचा मोफत फोन १८०० २२ ७५७५ आहे. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवता येतं. फसवणूक झाली असेल तर पनवेल नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात येतं, तिथल्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदाही आहे. फसवणारा नात्यातला असला तरी तक्रार करा. आपण गप्प बसलो तर तो पुढच्या मोहल्ल्यात जातो, आणि तिथेही आपलेच लोक राहतात.

या आठवड्यात एवढं करा

एक वही घ्या. एका पानावर घरातला सगळा पैसा, सोनं, जागा, कर्ज आणि महिन्याचा खर्च लिहा. दुसऱ्या पानावर सध्या जे कोणी तुम्हाला सल्ला देतात त्यांची नावं आणि नोंदणी क्रमांक लिहा. क्रमांक माहीत नसेल तर फोन करून मागा. जो राग न धरता देईल त्याच्याशी पुढचं बोला. जो ‘आपल्यावर भरवसा नाही का’ म्हणेल, त्याला सलाम करा आणि पैसा आपल्याच खात्यात ठेवा. अल्लाहने दिलेला माल अमानत आहे, आणि त्याची चौकशी करणं हे आपलंच काम आहे.